दावणीचे देणे

जनावर दावणीला बांधले, की त्याची चरण्याची मोकळीक संपते आणि बांधणाऱ्यावर चारण्याची जबाबदारी येते. कुठले गवत हुंगून सोडायचे आणि कुठला पाला ओरबाडायचा, हे रानात फिरणारी गाय आपले आपण ठरवते. गोठ्यातल्या गाईला गव्हाणीत जे पडेल तेच खावे लागते. वैरण कमी पडली तर ती हंबरते. पण वैरणीत प्रथिने कमी आहेत की कॅल्शियम कमी आहे, हे तिला सांगता येत नाही. दोन-तीन दुभत्या जनावरांवर घर चालवणाऱ्या शेतकऱ्याच्या गोठ्यात आहाराचा प्रश्न नैतिक होतो तो इथे. ज्याला निवड उरलेली नाही त्याच्या वतीने निवड करायची आहे, आणि निवडणाऱ्याचा स्वतःचा लाभ त्याच निवडीत गुंतलेला आहे. मग या देण्याचे माप कशावरून ठरवायचे? देणाऱ्याच्या श्रद्धेवरून, मिळणाऱ्या दुधावरून, की खाणाऱ्याच्या गरजेवरून?

परंपरेने दिलेले सर्वांत ओळखीचे उत्तर श्रद्धेच्या बाजूचे आहे. गृहस्थाने रोज करायच्या पाच महायज्ञांत भूतयज्ञाचा समावेश आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात या पाचांचे विवेचन येते. आपल्या ताटातले अन्न आधी कुत्र्या-कावळ्यांना, किडा-मुंगीला द्यायचे आणि मग स्वतः जेवायचे, हा त्याचा आशय. जेवणापूर्वी गाईसाठी काढून ठेवला जाणारा गोग्रास याच विचाराच्या घडणीतला आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात तर घेतलेले परत न करता भोगणाऱ्याला सरळ चोर म्हटले आहे. ऋणाची ही जाणीव मोलाचीच. पण गोग्रास हे गाईचे जेवण नव्हे, ती देणाऱ्याने स्वतःला करून दिलेली आठवण आहे. घोटाळा होतो तो ही खूण आणि जेवण यांतला फरक पुसला गेला की. घास भरवला म्हणजे कर्तव्य झाले, अशी समजूत मग घट्ट बसते. भरवलेला घास पोटात गेल्यावर त्याचे काय होते, हे विचारायची गरज वाटेनाशी होते.

तिथे काय होते ते पाहण्यासारखे आहे. गाई-म्हशींच्या पोटाला चार कप्पे असतात आणि पहिला, म्हणजे रुमेन, इतका मोठा असतो की पोटाची डावी बाजू बहुतांश त्यानेच व्यापलेली असते. कडब्यातले आणि गवतातले सेल्युलोज पचवणारा पाचक रस गाईच्या अंगात तयार होत नाही. ते काम या कप्प्यात राहणारे असंख्य जिवाणू, आदिजीव आणि बुरशी करतात. ते वैरण आंबवतात, त्यातून तयार होणारी मेदाम्ले रक्तात शोषली जातात आणि गाईला मिळणारी बरीचशी ऊर्जा तिथून येते. पुढे हेच जिवाणू खालच्या कप्प्यांत वाहून जातात आणि स्वतःच गाईची प्रथिने बनतात. थोडक्यात, गव्हाणीत टाकलेला चारा गाय खाते हे अर्धेच खरे आहे. गाय जिवाणूंना चारते आणि जिवाणूंवर जगते. त्यांना मानवेल असा सामू, साधारण 6 ते 7 च्या दरम्यानचा, टिकवण्यासाठी ती दिवसातले सात-आठ तास रवंथ करते. रवंथ करताना सुटणारी लाळ शंभर लिटरच्या आसपास जाते आणि या लाळेत सोडा असतो. रवंथ होण्यासाठी मात्र चाऱ्याला धागा हवा, चावायला काहीतरी हवे.

पोळ्याच्या दिवशी बैलांना पुरणपोळी चारतात. कोल्हापूर-सांगलीकडे हेच बेंदराला होते. एखादी पोळी मायेने भरवली तर बिघडत नाही. पण प्रत्येक घरातून एकेक म्हणत पाच-सहा किलो पुरण, कणीक आणि गूळ एका दिवसात पोटात गेला, किंवा लग्नाच्या मांडवातला उरलेला भात घमेल्याने गाईपुढे ओतला गेला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी दिसणारे चित्र पशुवैद्यकाच्या चांगले ओळखीचे असते. जनावर वैरणीला तोंड लावत नाही. रवंथ बंद पडलेला. डावी कूस ताठ, शेण पातळ आणि आंबूस वासाचे, उभे राहताना पाय लटपटतात. पिष्टाचा आणि साखरेचा असा लोंढा आला की लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू झपाट्याने वाढतात, सामू 5.5 च्या खाली घसरतो आणि धागा पचवणारे जिवाणू मरू लागतात. याला आम्लपित्ताचा साधा त्रास समजून चालत नाही. वेळेत खाण्याचा सोडा, शिरेतून सलाइन असे उपचार झाले नाहीत तर जनावर दगावते. ज्या हातांनी सकाळी शिंगांना बेगड लावून आरती केली, त्याच हातांनी विषबाधा केल्यासारखे हे होते.

यात दोष कोणाचा, आणि दोष म्हणायचा का? हेतूवर भर देणारी नीती म्हणेल की भाव शुद्ध होता, चूक अज्ञानाची. पण भारतीय परंपरेतच याच्या विरुद्ध जाणारा, अधिक काटेकोर विचार सापडतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाची प्रतवारी आहे. तिथे देश, काळ आणि घेणारा कोण हे पाहून दिलेले दान सात्त्विक आणि यांचा विचार न करता दिलेले तामस ठरते. म्हणजे नुसते देणे पुरेसे नाही, घेणाऱ्याकडे पाहणे हा दानाचाच भाग आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आहाराची मात्रा खाणाऱ्याच्या अग्नीच्या बळावर अवलंबून असते असे स्पष्ट केले आहे. वाढणाऱ्याच्या उदारतेवर ती अवलंबून नाही. जैन आचारात तर हा मुद्दा याहून थेट येतो. तत्त्वार्थसूत्रात अहिंसेचे अणुव्रत घेतलेल्या श्रावकाच्या हातून होणारे पाच अतिचार सांगितले आहेत: बांधणे, मारणे, अवयव छेदणे, जास्त ओझे लादणे आणि अन्नपाणी अडवणे. अन्नपाणी रोखणे हे इथे मारहाणीच्या पंक्तीला बसवले आहे.

या पाचव्या अतिचाराचा अर्थ कुठपर्यंत ताणता येईल, हा खरा पेच आहे. गव्हाण रिकामी ठेवणे हे अन्न अडवणे, यावर दुमत होणार नाही. पण गव्हाण भरलेली आहे आणि तिच्यात जे हवे तेच नाही, तेव्हा काय म्हणायचे? ऊस पट्ट्यात तोडणीच्या हंगामात वाढे मुबलक आणि स्वस्त मिळते. महिनोन्महिने जनावरे त्यावरच असतात. पोट टम्म दिसते, शेतकऱ्याला समाधान वाटते. वाढ्यात प्रथिने थोडी आणि ऑक्झलेट बरेच; हे ऑक्झलेट चाऱ्यातल्या कॅल्शियमला धरून ठेवते आणि ते अंगी लागू देत नाही. दूध मात्र कॅल्शियमशिवाय बनत नाही, म्हणून ते हाडांतून ओढले जाते. मग जनावर व्यायल्यावर आडवे पडते, माजावर वेळेवर येत नाही, भरवले तरी उलटते. फॉस्फरस कमी पडला तर दोरखंड, चिंध्या, प्लास्टिक, हाडके चघळत बसते आणि माणसे त्याला ‘खोड’ म्हणतात. पोट भरलेल्या जनावराची ही उपासमार डोळ्याला दिसत नाही, म्हणून ती मनाला लागत नाही. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडणे आणि रोज मूठभर खनिज मिश्रण देणे एवढा तिचा उपाय आहे. तो ठाऊक झाल्यावरही केला नाही, तर अज्ञानाची सबब उरत नाही, असे मानायला हरकत नसावी.

दुसरे माप दुधाचे. ते आधुनिक दूध संघांनी आणले असा समज असला तरी ते बरेच जुने आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात गोऽध्यक्षाच्या कामांचे प्रकरण आहे आणि त्यात गवत, पेंड, कोंडा, मीठ यांची मापे दिलेली आहेत. म्हशीला बैलाच्या दुप्पट, गाईला पाऊणपट असे प्रमाणही आहे. ओढकामाच्या बैलाला कामाच्या वेळेनुसार आणि दुभत्या गाईला दुधानुसार खाद्य द्यावे, असे तिथे स्पष्ट सांगितले आहे. सर्व जनावरांना चारापाणी भरपूर मिळावे, हेही सोबत आहे. याच प्रकरणातला एक नियम आजही दचकवतो. पावसाळा, शरद आणि हेमंत या ऋतूंत दोन वेळा धार काढावी. शिशिर, वसंत आणि ग्रीष्मात एकदाच. या काळात दुसऱ्यांदा धार काढणाऱ्याचा अंगठा तोडावा. शिक्षा क्रूर आहे, पण तिच्यामागचा हिशेब कळण्याजोगा आहे: चारा आटतो तेव्हा घेणेही आटले पाहिजे. अर्थशास्त्र हा काही भक्तिपर ग्रंथ नव्हे. राज्याचा महसूल पाहणाऱ्या पुस्तकाला जे कळले, ते पूजेच्या पोथ्यांत फारसे सापडत नाही, ही नोंद करण्यासारखी गोष्ट आहे.

आजचे माप असे बसते. चारशे किलो वजनाची, रोज दहा लिटर दूध देणारी संकरित गाय घेतली तर तिला वजनाच्या तीन टक्के, म्हणजे बारा किलोच्या आसपास शुष्क पदार्थ लागतो. हिरवी वैरण वीस किलो, तिच्यात चार-पाच किलो लसूणघास किंवा चवळीसारखी द्विदल. कडब्याची कुट्टी पाच किलो. आणि दर लिटरमागे चारशे ग्रॅम या हिशेबाने चार किलो खुराक. म्हशीच्या दुधात स्निग्धांश जास्त, म्हणून तिला लिटरमागे पाचशे ग्रॅम. पन्नास-साठ ग्रॅम खनिज मिश्रण, थोडे मीठ, आणि पाणी जेवढे पिईल तेवढे. हे आकडे ढोबळ आहेत. जनावराचे वजन, वेत, गाभण काळ आणि फॅट यांप्रमाणे ते हलतात. गुजरातेतल्या आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने 2012 पासून राष्ट्रीय दुग्धयोजनेत ‘आहार संतुलन’ नावाचा कार्यक्रम चालवला. गावातलाच प्रशिक्षित माणूस कानातल्या बिल्ल्यावरून जनावराची नोंद काढतो, छातीचा घेर मोजून वजनाचा अंदाज घेतो, घरात कोणता चारा आहे ते विचारतो आणि संगणकाकडून कमीत कमी खर्चाचे मिश्रण काढून देतो. अनेकदा निघणारा निष्कर्ष असा, की सरकी पेंड कमी करा. म्हणजे जनावर उपाशी नव्हते. एका अंगाने जास्त आणि दुसऱ्या अंगाने कमी खात होते, आणि त्यात मालकाचे पैसेही जात होते.

यावर येणारा आक्षेप सहज झटकून टाकण्यासारखा नाही. गाईचा असा ग्रॅम-लिटरचा जमाखर्च मांडला की ती यंत्र होते, असे म्हटले जाते. मोजणे आणि माया यांत खरोखरच विरोध आहे का? तान्ह्या मुलाला दर दोन तासांनी पाजणारी, त्याचे वजन चार्टवर टिपणारी आई प्रेमात कमी पडते असे कोणी म्हणत नाही. आक्षेपाचा जोर मोजण्यावर नाही, मोजमापाच्या हेतूवर आहे. आणि तिथे तो रास्त आहे, कारण कमीत कमी खर्चात जास्तीत जास्त दूध हे सूत्र दूध थांबल्यावर काय करायचे याबद्दल मुके आहे.

विसाव्या शतकात महाराष्ट्रात हा वाद दोन टोकांकडून खेळला गेला. सावरकरांनी ‘गोपालन हवे, गोपूजन नव्हे’ हे निबंधाचे शीर्षकच करून टाकले: गाय उपयुक्त पशू आहे, तिचे शास्त्रशुद्ध पालन करावे, तिला देव मानू नये. गांधींची भूमिका उलट टोकाची वाटते, पण गोठ्यात शिरल्यावर दोघे बरेच जवळ येतात. 1924 साली बेळगावात काँग्रेस अधिवेशनाच्या वेळी भरलेल्या गोरक्षण परिषदेचे अध्यक्ष गांधी होते. त्यांचा रोख सतत हिंदूंकडेच असे: गाईला अर्धपोटी ठेवणारे, तिच्याकडून शेवटचा थेंब काढणारे, बैलाला पराणी टोचणारे आपणच आहोत. जास्त दूध पिळून घेण्याची कोलकात्यातली ‘फुका’ ही क्रूर पद्धत कळल्यावर गाई-म्हशींचे दूध न घेण्याचा त्यांचा निश्चय पक्का झाला. पुढे 1918-19 च्या आजारपणात शेळीच्या दुधावर तडजोड झाली आणि ती तडजोडच होती हे त्यांनी आत्मकथेत लपवले नाही. 1946 मध्ये त्यांच्याबरोबर उरुळी कांचनला आलेले मणिभाई देसाई तिथेच राहिले, आणि याच गांधीवादी माणसाने 1967 साली बायफ ही संस्था उभी करून होल्स्टिन व जर्सीच्या रेतनातून संकरित गाई गावोगाव नेल्या. ज्यांना देशी गाईचे सोवळे प्रिय होते त्यांना हे पचले नाही. मात्र संकरित गाईने एक गोष्ट लपू दिली नाही. खिलार किंवा डांगी गाय निकृष्ट चाऱ्यावरही तग धरते, दूध बेताचे देते आणि मालकाचा निष्काळजीपणा झाकून जातो. दहा-बारा लिटरची गाय आहार चुकला की पंधरवड्यात खंगते.

निष्काळजीपणा हा शब्दही सगळीकडे लागू पडत नाही. महात्मा फुल्यांनी 1883 साली पुरे केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शेतकऱ्याच्या जनावरांच्या उपासमारीची कारणे शोधताना जंगल खात्याने बंद केलेल्या चराईकडे बोट दाखवले होते. गायराने तेव्हापासून आक्रसतच गेली. अडीच एकरांच्या मालकाने अर्धा एकर लसूणघासाला द्यायचा म्हणजे घरच्या ज्वारीतून किंवा सोयाबीनच्या पैशातून कापून द्यायचा. त्यामुळे कर्तव्याची चर्चा करताना कुवतीची चर्चा टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. तरी कुवत कमी असतानाही करता येण्याजोगे बरेच असते: कडब्याची कुट्टी करणे, शंभर किलो भुसकटावर चार किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडणे आणि ते एकवीस दिवस हवाबंद झाकणे, मका चिकात असताना कापून मुरघास घालणे. यांत पैशापेक्षा श्रम आणि शिस्त जास्त लागते. युरियाचे प्रमाण चुकले तर तेही विषच आहे, ही सूचना प्रत्येक प्रात्यक्षिकात दिली जाते आणि तरी दुर्लक्षिली जाते.

आतापर्यंत गाईविषयी बोलणे झाले. देशातल्या दुधाचा जवळपास निम्मा वाटा म्हशीचा आहे, आणि तिच्या वाट्याला ना गोग्रास आला ना वसुबारस. पुराणांत ती यमाच्या वाहनाच्या गोतातली, गावगाड्यात म्हसोबाशी नाते सांगणारी. कायद्यातही ती गोवंशाच्या बाहेर राहिली. ज्या धर्मभावनेला कळवळ्याचा आधार आहे असे म्हणायचे, तिने भूक जातीवरून वेगळी ठरवली तर तिचा आधार कळवळा नसून दुसरेच काही असले पाहिजे. वारकरी परंपरेने हा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवलेला दिसतो. तिच्या मुक्या जनावरांच्या गाजलेल्या तीन कथा पाहाव्यात. पैठणच्या ब्रह्मसभेसमोर ज्ञानदेवांनी वेद वदवले ते रेड्याच्या मुखातून. जुन्नर तालुक्यात आळे इथे त्या रेड्याची समाधी आजही पुजली जाते. एकनाथांनी रामेश्वराला निघालेल्या कावडीतली गंगा तहानलेल्या गाढवाच्या तोंडी घातली. आणि नामदेव भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, कोरडी भाकरी त्याला बाधू नये म्हणून. रेडा, गाढव, कुत्रा: तिघांतही गाय नाही. पूज्य प्राण्यावर दया दाखवण्यात परीक्षा नसते, हे कथाकारांना ठाऊक असावे. नामदेवांच्या कथेत तर आणखी एक बारकावा आहे. तिथे प्रश्न भाकरी देण्या-न देण्याचा उरलेलाच नाही. ती कशाशी खाल्ली जावी, एवढाच उरला आहे.

दुधावर पहिला हक्क कोणाचा, हा या साऱ्याच्या मुळाशी असलेला प्रश्न वासराच्या निमित्ताने समोर येतो. गाई-म्हशींच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भाकडे जात नाहीत, म्हणून वासरू त्यांच्याशिवाय जन्मते. ती मिळतात फक्त चिकातून, आणि आतड्यातून ती शोषली जाण्याची क्षमता पहिल्या चोवीस तासांत संपत जाते. वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक, म्हणजे अडीच-तीन लिटर, पहिल्याच दिवशी, आणि त्यातला निम्मा जन्मानंतरच्या तासा-दोन तासांत पोटात गेला पाहिजे. वार पडल्याशिवाय वासराला पाजू नये ही जुनी समजूत इथे घातक ठरते. खरवसाला त्यामुळे निषिद्ध ठरवण्याचे कारण नाही. भरपूर दुधाच्या गाईला चीक वासराला पुरून उरतो. पहिल्या धारेचा खरवस मात्र वासराच्या ताटातला आहे.

वसुबारसेला सवत्स धेनूची पूजा होते आणि व्रत करणाऱ्या बायका त्या दिवशी दूध-तूप वर्ज्य करून बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खातात. वर्षातला एक दिवस दूध वासराचे आहे हे मान्य करणारे हे व्रत इतर अनेक व्रतांहून समंजस आहे. उरलेल्या दिवसांचा विचार अर्थशास्त्राने केला होता. गुराख्याला वेतन रोख द्यावे, दूध-तुपात देऊ नये. तसे दिले तर तो वासरांना मारील, असे तिथे बजावले आहे. डेअरीचे बिल लिटरवर निघते तेव्हा प्रत्येक छोटा गोठा त्या गुराख्याच्या जागी असतो. कालवडीला एक सड राखला जातो, कारण ती उद्याची गाय आहे. रेडकाला पान्हा फुटेपर्यंत लावतात आणि ओढून बाजूला बांधतात. ट्रॅक्टर आला, कृत्रिम रेतन आले, आणि नर वासराचे काम संपले. त्याला कोणी मारत नाही. तो दुधावाचून महिना-दोन महिन्यांत आपोआप जातो. जैन सूत्रातला पाचवा अतिचार याहून नेमका कुठे लागू पडेल असे वाटत नाही. लिंगनिश्चित रेतमात्रांमुळे नव्वद टक्क्यांच्या आसपास मादी वासरे जन्माला घालता येतात. उपाशी मरण्यासाठी जन्म देण्यापेक्षा जन्मच टाळणे बरे, हा युक्तिवाद त्यामागे मांडता येतो, आणि तो आजवर गंभीरपणे खोडला गेलेला नाही.

भाकड जनावराचा प्रश्न कठोपनिषदाच्या आरंभीच आहे. नचिकेताचा बाप वाजश्रवस यज्ञात गाई दान करतो. त्यांचे पाणी पिऊन झाले आहे, गवत खाऊन झाले आहे, दूध काढून झाले आहे. हे पाहून मुलाच्या मनात श्रद्धा जागी होते आणि असे दान करणारा आनंदहीन लोकांत जातो असा विचार तो करतो. आटलेली गाय हात जोडून गोशाळेच्या दारात सोडणे आणि वाजश्रवसाचे हे दान यांत फरक कमी आहे. गोशाळांची आणि पांजरपोळांची परंपरा मोठी आहे. मुंबईतला पांजरपोळ 1834 सालचा, आणि त्याच्या स्थापनेत जमशेटजी जीजीभाई या पारशी दानशूराचा पुढाकार होता. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर 1976 च्या कायद्याने बंदी आली, बैल आणि वळू 2015 पासून तिच्या कक्षेत आले. मारायचे नाही हे कायद्याने ठरवले, चारायचे कोणी हे ठरवले नाही. 30 सप्टेंबर 2024 रोजी राज्याने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले आणि गोशाळेतल्या देशी गाईसाठी दिवसाला पन्नास रुपये अनुदान दिले. संकरित गाय त्यात बसत नाही, म्हैस बसत नाही, आणि शेतकऱ्याच्या स्वतःच्या दावणीची भाकड गाय तर नाहीच.

दुष्काळात मात्र हेच राज्य वेगळे वागते. 2012-13 आणि 2018-19 च्या टंचाईत माण, बीड, धाराशिवकडे उभ्या राहिलेल्या चारा छावण्यांत मोठे जनावर आणि लहान जनावर असे दोनच वर्ग होते. दुभती आणि भाकड, देशी आणि संकरित, गाय आणि म्हैस यांना वैरण एकाच मापाने मिळाली. ती अपुरी होती, तिच्यात ऊसच जास्त होता. पण दुधाकडे न पाहता गरजेकडे पाहणारे माप त्या तंबूंत तात्पुरते का होईना अस्तित्वात होते.

आहारशास्त्राला हे माप परके नाही. जनावराच्या रोजच्या आहाराचे ते तीन हिस्से करते: शरीराच्या पोषणाचा, दुधाचा आणि गर्भाचा. पहिला हिस्सा दुधावर अवलंबून नसतो. जिवंत असणे एवढीच त्याची अट. चारशे किलोच्या भाकड गाईला तो चांगल्या वैरणीतून आणि वैरण निकृष्ट असेल तर वर किलो-दीड किलो खुराकातून मिळतो. पुढच्या विण्यापूर्वी दोन महिने गाय आटवली जाते तेव्हा बहुतेक गोठ्यांत खुराक सर्वात आधी बंद होतो, कारण बिलात तिचे दूध दिसत नाही. गर्भाची सर्वांत जास्त वाढ याच दोन महिन्यांत होते, कासेची झीज याच काळात भरून निघते, आणि शास्त्र या काळात किलो-दीड किलो खुराक वाढवायला सांगते. खनिज मिश्रणात मात्र या वेळी कॅल्शियमचा मारा टाळावा लागतो. तो झाला तर हाडांतून कॅल्शियम सोडवण्याची शरीराची सवय मंदावते आणि गाय व्यायल्याबरोबर दुग्धज्वराने बसते. विण्याआधी पंधरा-वीस दिवस खुराक थोडा थोडा चढवत न्यायचा असतो, म्हणजे रुमेनमधल्या जिवाणूंना नव्या आहाराची सवय होते आणि व्यायल्यानंतर अचानक वाढवलेल्या पेंडीने पोट बिघडत नाही.